स्पिटफायर आत्ता नको!

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. विमान बांधायचं आणि तेही रिमोटवर उडवायचं ठरवलंस, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण सोबतचा आराखडा उघडला आणि कपाळाला हात लावला. स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान! देखणं आहे, वादच नाही. मात्र पंख खाली आणि टोकाकडे निमुळते असलेलं असलं मॉडेल वेग जरा कमी झाला की एका अंगावर कोसळतं. ते सावरायला लागणारी बोटं अजून तुझ्याकडे नाहीत. आराखडा जपून ठेव, तिसरं-चौथं विमान ते कर.

पहिलं विमान ट्रेनरच, म्हणजे शिकाऊंसाठीचं, हवं. पंख धडाच्या वर, दोन्ही टोकं किंचित उचललेली. असं विमान एका बाजूला कललं की त्याच बाजूला घसरायला लागतं, आणि मग खालच्या पंखाला वरच्यापेक्षा जास्त उचल मिळून ते आपसूक सरळ होतं. अल्फाँस पेनो या फ्रेंच माणसाने 1871 मध्ये पॅरिसच्या बागेत पिळलेल्या रबराच्या जोरावर एक छोटंसं विमान 11 सेकंद उडवून दाखवलं. ना रेडिओ, ना चालक! उचललेली टोकं आणि मागचं शेपूट यांनीच ते सांभाळलं. तुझ्या हातात ट्रान्समीटर, म्हणजे रिमोट, असला तरी सुरुवातीला विमानाने स्वतःला सांभाळावं आणि तू फक्त त्याला वाट दाखवावीस, एवढंच मला म्हणायचंय.

बाल्सा, म्हणजे ते हलकं लाकूड, की फोम, असं विचारलंस. बाल्साचं काम सुंदर होतं, पण पहिलं विमान आपटणारच हे धरून चाल आणि फोम घे. त्यातही ईपीपी नावाचा लवचीक फोम वाकतो, सहसा तुटत नाही. साधा इन्स्टंट ग्लू काही फोम विरघळवून टाकतो, म्हणून फोमसाठीचा वेगळा मिळतो तोच वापर, आणि तोही बेताने, कारण गोंदालाही वजन असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, विमानाचा तोल जिथे साधतो ती जागा. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची जी रुंदी, तिच्या साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांवर पंखाखाली दोन्हीकडे खुणा कर. बॅटरीसकट सगळं जागच्या जागी बसवून त्या खुणांवर बोटांच्या टोकांनी विमान उचल. ते आडवं राहिलं किंवा नाक जरासं खाली झुकलं, तर ठीक. शेपूट खाली जात असेल तर अजिबात उडवू नकोस. या छंदातले लोक म्हणतात, नाक जड असलेलं विमान वाईट उडतं, शेपूट जड असलेलं एकदाच उडतं! तोल जुळत नसेल तर आधी बॅटरी मागेपुढे सरकवून बघ. शिसं चिकटवणं हा अगदी शेवटचा उपाय.

ट्रान्समीटर घेताना थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारी काडी, डाव्या हाताला की उजव्या, यावर लोक तावातावाने भांडतात. त्यात पडू नकोस. तुला शिकवणारा ज्या पद्धतीने उडवतो तीच घे, म्हणजे गडबड झाली तर त्याला तुझ्या हातातून ट्रान्समीटर घेता येईल.

मोटर, सर्व्हो (पंख-शेपटाच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसीव्हर (विमानातला सिग्नल घेणारा भाग) यांची जोडणी आणि तपासणी करताना प्रोपेलर काढून ठेव. हे आळसाने टाळणारे खूप असतात, आणि तो पंखा बोटं कापतो. चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग विमान. बंद करताना उलट. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी चार्ज होत असताना तिला सोडून जायचं नाही. भरलेल्या सेलचा दाब 4.2 व्होल्ट असतो, पण काही दिवस उडवणार नसशील तर 3.8 च्या आसपास आणून ठेव.

मग विमानाच्या मागे उभा राहा. काडी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वर गेला पाहिजे, स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर, म्हणजे शेपटाची आडवी हलती पट्टी, वर. एलेरॉन उलटे जोडलेले राहिले म्हणून चांगली चांगली विमानं पहिल्याच उड्डाणात गेली आहेत. सिग्नल तुटला तर मोटर बंद पडते का, तेही जमिनीवरच पाहून घे.

हे सगळं बांधकाम चालू असतानाच रोज थोडा वेळ सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या उड्डाणाच्या सरावाला, बस. विमान लांब जाताना काही वाटत नाही. ते तुझ्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि डोकं गोंधळतं. तेव्हा जो पंख खाली गेलाय त्याच बाजूला काडी ढकलायची, की विमान सरळ होतं. हे विचार न करता हातातून व्हायला लागलं की समज, मैदानावर जायला हरकत नाही.

मैदान मोकळं हवं, माणसं आणि तारा लांब, आणि तिथे उडवायला परवानगी आहे का ते आधी विचारलेलं. वारा नावापुरता असेल असा दिवस निवड आणि वाऱ्याच्या तोंडावर सोड. लगेच वळवायला जाऊ नकोस. आधी उंची घे, म्हणजे चुकलं तर सावरायला जागा राहील. वर गेल्यावर ट्रिम जुळव, म्हणजे काडी सोडली तरी विमान सरळ उडेल अशी बारीक जुळणी कर, मोठी मोठी वळणं घे आणि बॅटरीत बरीच शिल्लक असतानाच उतरायला लाग, कारण पहिल्या खेपेला विमान जमिनीला लावण्याचा प्रयत्न बहुधा सोडून द्यावा लागतो आणि पुन्हा फेरी मारावी लागते.

ट्रेनरचा आराखडा निवडलास की पंखाची रुंदी कळव. सीजी कुठे येतो ते तूही काढ, मीही काढतो. आकडे जुळले की मगच फोम काप.

तुझा,
अनिल