खून शेवटी आहे, मग आधीचे पावणेचार तास कशाचे?

मा. संपादक, स.न.वि.वि.

पुरवणीत 'सत्य घटनेवर आधारित' क्राईम पिक्चरांची यादी आली त्यात तैवानचा 'अ ब्रायटर समर डे' (१९९१) बघून बरं वाटलं, पण खाली 'प्रेमातून झालेल्या खुनाची थरारक कहाणी' एवढं लिहून मोकळे झालात राव. थरार म्हणून कुणी लावला तर तासाभरात बंद करेल आणि शिव्या तुम्हाला घालेल.

घटना खरी आहे, त्यात वाद नाही. जून १९६१ मध्ये तैपेईत कुलिंग रस्त्यावर एका शाळकरी पोराने ओळखीच्या मुलीला भोसकलं. दिग्दर्शक एडवर्ड यांगचा जन्म १९४७ चा, म्हणजे तेव्हा तोही त्याच शहरात साधारण त्याच वयाचा. पण पिक्चर २३७ मिनिटांचा आणि खून पार शेवटाकडे, रस्त्यावर माणसं असताना, ना बॅकग्राउंड म्युझिक ना स्लो मोशन, आजूबाजूच्यांना काय झालं ते कळतसुद्धा नाही.

मग इतका वेळ काय चाललंय, तर भीती. १९४९ ला चीनमधनं कम्युनिस्टांकडून हरून तैवानला आलेलं सरकार, सोबत आलेली लाखो माणसं आणि तेव्हापासून थेट १९८७ पर्यंत मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा. मोठी माणसं गप्प, म्हणून पोरांच्या टोळ्या. आधी तिथे राज्य करणारे जपानी लोक सोडून गेले त्या घरांच्या माळ्यावर पोरांना तलवारी नि सुरे सापडतात, आणि वादळाच्या रात्री लाईट गेलेले असताना एक टोळी दुसरीला कापून काढते तेव्हा आपल्याला धड काही दिसत नाही, नुसते आवाज आणि मग टॉर्चच्या उजेडात पडलेली पोरं. हिंसा अशी दाखवायला लागते, चवीने नाही.

पण मला विचाराल तर खरा पिक्चर त्या खून करणाऱ्या पोराच्या बापाचा आहे. साधा सरकारी नोकर. सुरुवातीला पोरावर अन्याय झाला म्हणून शाळेत जाऊन ताठ मानेने भांडतो. मग एक दिवस गुप्त पोलीस उचलून नेतात, जुन्या ओळखीपाळखींबद्दल तेच तेच परत परत लिहून घेतात. मारहाण नाही काही नाही, पण घरी येतो तो दुसराच माणूस. मग पुढं त्याच शाळेत तोच बाप गयावया करतो, पोरगा बघत उभा. घरात थोरल्या पोराला बेदम मारतो तेही यानंतरच. (बापाचं आणि त्या खून करणाऱ्या धाकट्या पोराचं काम करणारे खऱ्या आयुष्यातही बापलेकच आहेत, पोराचं काम करणाऱ्या चँग चेनचा हा पहिला मोठा रोल.)

आणि ती मुलगी, मिंग. ती सरळ सांगते की मी या जगासारखीच आहे, बदलणार नाही. पोराला तेच सहन होत नाही. बाहेर कुणाचंच काही चालत नाही म्हटल्यावर सगळा राग निघतो तो तिच्यावर, ह्याला प्रेम काय म्हणता हो?

तेव्हा पुढच्या वेळी दोन ओळी त्या काळाबद्दल आणि बापाबद्दल टाका, आणि एक सूचना पण द्या, ह्या पिक्चरची साधारण तीन तासांची कापलेली आवृत्तीही आहे, ती नको, पूर्ण २३७ मिनिटंच बघा म्हणावं, दोन रात्रीत विभागून बघितला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक