आईच्या हातांचा रिपोर्ट

ती. आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

बाबा, रिपोर्टमध्ये 'आरए फॅक्टर', म्हणजे आमवाताची रक्ततपासणी, 'निगेटिव्ह' वाचून तुमचा जीव भांड्यात पडला, हे फोनवरच्या आवाजावरून कळलं. माझा मात्र नाही पडला. फोनवर आई विषय बदलते, म्हणून हे पत्र.

संक्रांतीला यावलला आले तेव्हा भरितासाठी भाजलेली वांगी बडगीत होती. आईने मुसळ उचललं आणि दोन ठोक्यांत खाली ठेवलं. सकाळी तिची मूठ वळत नाही, नळाची तोटीसुद्धा ती तळहाताच्या कडेने फिरवते. नऊ वाजले की हात मोकळे होतात. वयाने झिजलेले सांधे उठल्यावर अर्ध्या तासात सुटतात. आईला दोन-दोन तास लागतात, आणि सूज दोन्ही हातांना सारखी, बोटांच्या मुळाशी आणि मधल्या पेरांवर. ही लक्षणं आमवाताची, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसची आहेत.

आरए फॅक्टर ही जुनी तपासणी, १९४० पासूनची. आमवात असलेल्या दहापैकी दोन-तीन जणांत ती निगेटिव्हच येते. उलट कधीकधी धडधाकट म्हाताऱ्या माणसांत पॉझिटिव्ह दिसते. म्हणून 'अँटी सीसीपी' ही दुसरी रक्ततपासणी करून घ्या. शरीर स्वतःच्याच प्रथिनांवर उलटलं, की जी प्रतिद्रव्यं तयार होतात ती यात मोजतात. ही पॉझिटिव्ह आली तर आमवाताची शक्यता खूपच वाढते. काहींच्या रक्तात ही प्रतिद्रव्यं दुखणं सुरू होण्याआधी काही वर्षं सापडतात.

रिपोर्टमधल्या ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या अंगात सूज किती आहे ते सांगतात, कशाची आहे ते नाही. आईचा ईएसआर ५८, म्हणजे वाढलेला आहे, पण तिचं हिमोग्लोबिनही कमी आहे आणि त्यानेही तो चढतो.

आणि बाबा, अँटी सीसीपीसुद्धा निगेटिव्ह आली तरी थांबायचं नाही. दोन्ही निगेटिव्ह असूनही आमवात असतो. तेव्हा डॉक्टर सुजलेले सांधे मोजून, सोनोग्राफी करून ठरवतात. जळगावला सांधेरोगतज्ज्ञाची वेळ घेते, मीही येते. हाड एकदा झिजलं की भरून येत नाही, म्हणून मला घाई आहे.

आई, या तपासण्यांना उपाशी राहावं लागत नाही, भाकरी खाऊन जा. आणि शेजारच्या काकूंनी दिलेल्या त्या बिननावाच्या पुड्या बंद कर. त्यात स्टेरॉइड असेल तर सूज दबते आणि डॉक्टरांना खरं काही दिसत नाही. पण बरेच दिवस घेत असशील तर आधी डॉक्टरांना फोन करून विचार, एकदम सोडू नकोस. उरलेल्या पुड्या पिशवीत ठेव, त्या दाखवायच्या आहेत.

शनिवारी सकाळच्या गाडीने भुसावळला उतरते.

तुमची,
ताई