शहापूरच्या सरांना जाहीर धन्यवाद

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले तेव्हा "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय संपवलात. माझ्या मनातून तो संपत नाही, म्हणून चारचौघांत लिहितेय.

आमच्या पतसंस्थेत नवी संगणक प्रणाली आली. खात्यांची जुनी यादी आणि नवी यादी ताडायला घेतली, तर वरपासून खालपर्यंत सगळं लाल! नव्या यादीत अनुक्रमांक बदललेले, प्रत्येक ओळीत छपाईची तारीख वेगळी. खातं तेच, शिल्लक तीच, तरी ओळ चुकीची ठरायची. प्रणाली बसवणाऱ्यांनी फोनवरच निकाल दिला, "मॅडम, तुमचा डेटाच खराब आहे, परत भरून घ्या." मार्चअखेर तोंडावर असताना! त्यांनी फाइल उघडूनसुद्धा बघितली नव्हती.

तुम्ही उघडलीत. अख्खी ओळ ताडायचीच नाही, म्हणालात. जुळवायचं खाते क्रमांकावरून, तपासायची शिल्लक आणि नॉमिनी, बाकीचे कॉलम बाजूला. लाल ओळी एका पानात मावल्या. त्यातच एका आजींच्या ठेवीचे १२,५०० चे १,२५० झालेले सापडले. त्या ठेवीवर त्यांचं औषधपाणी चालतं हो!

शोधायचंही तसंच. 'येळ्ळूर' टाकलं की पत्त्यातलं गाव, येळ्ळूरकर आडनावं, नॉमिनीतले येळ्ळूरकर, सगळे एकदम हजर. आधी तेवढाच कॉलम निवडायचा, मग कंट्रोल-एफ, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण सर, मला भरून आलं ते त्या चिठ्ठीनं. तुमच्या घरची भाषा कन्नड. तरी निघताना पाकिटाच्या पाठीवर एकेक अक्षर जोडत तुम्ही मराठीत लिहून दिलंत, कुठला कॉलम जुळवायचा, कुठला सोडायचा. 'शिल्लक'मधला जोडाक्षराचा ल नीट आला का, हेही विचारलंत. ती चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवली आहे. आपल्या बेळगाव भागात पाटीवरच्या मराठी-कन्नड अक्षरांवरून माणसं हमरीतुमरीवर येतात. तुम्ही माझ्या सोयीची अक्षरं गिरवलीत. असा भला माणूस भेटला की कामाचा शीणच उतरतो.

वार्षिक सभेत अध्यक्ष तुमचा सत्कार करणार आहेत. नाही म्हणू नका. वहिनींनाही घेऊन या, कुंदा सांगून ठेवलाय.

आपली,
पतसंस्थेतली क्लार्क