बाबांची वही माझ्याकडे आहे

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

फोनवर धीर झाला नाही, म्हणून लिहिते. बाबा, तुमचं कपाट मी उघडलं. आईला रागावू नका, किल्ली तिने दिलेली नाही. ती देव्हाऱ्यामागे असते हे मला सातवीपासून ठाऊक आहे. संशयकल्लोळ नाटकाची, तुमची प्रॉम्प्टिंगची वही काढली. जत्रेच्या रात्री विंगेत यंदा मी उभी राहणार. मंडळाला होय सांगून टाकलंय.

म्हणजे तुम्ही बेळगावहून यायचं नाही. वाईट वाटून घेऊ नका हं. ऑपरेशननंतर छातीचं हाड सांधायलाच दोन-तीन महिने लागतात, डॉक्टरांनी आपल्यासमोरच सांगितलं. त्यात चोर्ला घाटाची वळणं धडधाकट माणसाला आडवं करतात. आणि आपली नाटकं! हँडबिलावर दहाची वेळ, नांदी बाराला, घरी येईपर्यंत कोंबडा आरवतो. खुर्ची दिली तरी तुम्ही बसायचे नाहीत, हे साऱ्या गावाला माहीत आहे. धाकटे काका म्हणाले, मी मोबाईलवर संहिता घेऊन प्रॉम्प्टिंग करतो. तोंडावर निळा उजेड आणि मध्येच कुणाचा तरी फोन! तेव्हाच ठरवलं, वही परक्या हातात द्यायची नाही. (काका परके नव्हेत, पण तुम्हाला कळलं मी काय म्हणते ते.)

पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात १८९३ आणि १९१६. आधीचा गद्य फाल्गुनराव, मग देवलांनी पदं घालून केलेलं संशयकल्लोळ, आणि या सगळ्याच्या मागचा तो फ्रेंच मोलियर. दर वर्षी पहिल्या तालमीला तुम्ही हे सांगायचात आणि पोरं चहाच्या किटलीकडे बघायची. फाल्गुनरावाला लाल पेन्सिल, कृत्तिकेला निळी, ऑर्गनवाल्याला खूण करायची तिथे गोल. एका पानावर मेणबत्तीचं मेण अजून तसंच आहे, वीज गेली त्या वर्षीचं. मी सतरंजीवर तुमची शाल पांघरून पडले होते. स्पिरिटगमचा वास, आणि पहिल्या रांगेला ऐकू न जाणारा तुमचा आवाज. मला वाटायचं, बाबा मलाच गोष्ट सांगतायत.

दुसऱ्या रात्रीचं ऐकून ओरडू नका, टाके दुखतील. पोरं 'तो मी नव्हेच' करतायत. होय, फिरत्या रंगमंचाशिवाय. १९६२ साली अत्र्यांचं ते नाटक कसं आलं होतं, सगळं सांगून झालं, ऐकत नाहीत. पुढे कोर्ट, मधला पडदा, मागे लखोबाने धावत कपडे बदलायचे. पाच सोंगं, बदलायला दोन माणसं, आणि त्यातला एक आपला गुरवबाब, ज्याला स्वतःच्या सदऱ्याचं बटण सापडत नाही. बघू.

आई, तुळशीला रोज पाणी घालते, अबोली फुलतेय, मांजर तुझ्या खाटेवर झोपतं, हाकललं नाही. उकडे तांदूळ आणि सोलं बसने पाठवलीत, ताईला सांग गाडीवर जाऊन घ्यायला. सकाळी बाबांना पेजच दे. लोणच्याची फोडसुद्धा नको. आणि बेळगावात जो येतो तो कुंदा घेऊन येतो. डबा शेजारी देऊन टाक, फ्रीजमध्ये ठेवलास तर बाबा रात्री उठून शोधतील. ताईकडे गिझर आहे, तरी पहाटे आंघोळ नको, उन्हं आली की करू दे.

बाबा, गोळ्या मोजून घ्या. अंगणात चाला, गेटबाहेर एकटे नाही. मागच्या वेळी मी तुमच्यावर चिडले, ते भीतीने. नाटक झालं की वही कपाटात ठेवीन, किल्ली देव्हाऱ्यामागे. तुमची जागा तुमचीच आहे, मी फक्त तिथे उभी राहतेय.

तुमची,
बाय

ता. क. तिसऱ्या अंकात, एका ओळीपुढे, पेन्सिलीची बारीक फुली आहे. ना लाल, ना निळी. तिथे काय करायचं असतं? फोन करा, पण दुपारची झोप झाल्यावर.