अंगावरचा कोट काढून देणाऱ्या माणसाला

प्रिय हॅमर स्टुडिओच्या मंडळींनो,

इंग्लंडमध्ये भयपट काढणाऱ्या तुमच्यातले बहुतेक जण आज हयात नाहीत. तरी हे पत्र तुम्हालाच लिहायचं होतं. आई गेल्यापासूनच्या माझ्या कितीतरी रात्री तुमच्या आधाराने निभावल्या आहेत.

आई गेली आणि मला अंधाराची भीती वाटू लागली. दुःख लोकांना कळतं, भीती कळत नाही. 'एवढी मोठी बाई तू, कसली घाबरतेस!' असं हसून म्हणणारे माझे जवळचेच होते. ज्यांच्याकडे पैसे मोजून मन मोकळं करायला गेले, त्यांनी मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या. धीर ज्यांनी द्यायचा त्यांनी हात झटकले आणि तो दिला तुमच्या भयपटांनी.

१९५७ साली तुमचा 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' हा रंगीत भयपट आला तेव्हा लंडनच्या बड्या समीक्षकांनी नाकं मुरडली होती. किळसवाणा, विकृत, काय काय म्हणाले! थेम्सकाठच्या ब्रे गावाजवळच्या जुन्या बंगल्यात तुम्ही काय उभं करत होता, ते त्यांना दिसलंच नाही. बर्नार्ड रॉबिन्सन तेच सेट फिरवून फिरवून नवा वाडा उभा करायचे. छायाचित्रणकार जॅक अ‍ॅशर यांचा प्रकाश असा, की भिंतीसुद्धा श्वास घेताहेत असं वाटावं. संगीतकार जेम्स बर्नार्ड यांनी तर रक्तपिपासू ड्रॅक्युलाचं नावच तीन सुरांत बसवलं. ते सूर वाजले की आजही माझ्या अंगावर काटा येतो. कमी पैशांत, घाईघाईत केलेलं काम आहे हे. पण उरकून टाकलेलं कुठेच वाटत नाही.

पण माझे आभार मुख्यतः एका छोट्याशा कृतीसाठी आहेत.

१९५८ च्या 'ड्रॅक्युला'मध्ये पिशाच झालेली ल्यूसी लहानग्या तानियाला हाताला धरून रात्री स्मशानात घेऊन जाते. पिशाचांचा शिकारी व्हॅन हेल्सिंग वेळेवर पोचतो, क्रूस पुढे करून ल्यूसीला पळवून लावतो. खरं तर त्याने तडक तिच्या मागे जायला हवं, कथेची निकड तीच आहे. पण अभिनेते पीटर कुशिंग यांचा व्हॅन हेल्सिंग आधी त्या पोरीजवळ बसतो. अंगावरचा कोट काढून तिच्याभोवती गुंडाळतो, आता तू अगदी टेडी बेअर दिसतेस असं सांगतो आणि तो क्रूस एखादा दागिना द्यावा तसा तिच्या गळ्यात घालतो. घाबरू नकोस म्हणत नाही, भूतबीत काही नसतं असंही म्हणत नाही. थंडी वाजतेय ना, मग आधी ऊब.

हे पाहून मी हुंदके देऊन रडले. आई गेल्यापासून मला कुणीतरी एवढंच करायला हवं होतं.

राक्षसाला मारणारे नायक पुष्कळ असतात. घाईतही घाबरलेल्या लेकराजवळ थांबणारा माणूस मला फार मोठा वाटतो. असा चांगुलपणा दिसायला साधा, पण तो करायला स्वतःची घाई बाजूला ठेवावी लागते आणि तेच फार थोड्यांना जमतं. शेवटच्या झटापटीत मेणबत्त्यांचे दोन स्टँड एकमेकांवर आडवे धरून क्रूस करायचा, ही कल्पनाही म्हणे कुशिंग यांचीच. हाताशी असेल त्यातून मार्ग काढायचा, हा त्यांचा स्वभावच असावा.

क्रिस्टोफर ली, तुमचेही आभार. तुमचा ड्रॅक्युला खरोखर भयंकर होता म्हणून त्या कोटाची ऊब खरी वाटली. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, तो प्रसंग तुम्ही घाईने कापला नाहीत, त्याबद्दल तुमचे विशेष आभार. आणि या सिनेमाची कापलेली दृश्यं ज्या जपानी प्रतीत सापडली, ती इतकी वर्षं जपून ठेवणाऱ्या तिथल्या संग्रहातल्या माणसांचेही. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण तुमचं ऋण माझ्यावर आहे.

आपली,
हॅमरची एक चाहती