फायटर माशाचं घर किती लिटरचं, हे एकदा लिहून द्या

मा. पशुसंवर्धन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, औंध, पुणे यांना खुलं पत्र

आयुक्त साहेब, नमस्कार.

मी नाशिकला राहते. घरात आम्ही दोघं, मुलगी, सासूबाई आणि एक निळा फायटर मासा. पण हे पत्र लिहायला बसले ते या निळ्यामुळे नाही, त्याच्या आधी जो लाल होता त्याच्यामुळे.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाहून घरी आली ती हातात काचेचा गोल बाउल घेऊनच. रिटर्न गिफ्ट! आत मूठभर रंगीत खडे, प्लॅस्टिकचं एक रोप आणि लालभडक फायटर. प्रत्येक मुलाला एकेक दिला होता म्हणे. पाणी नंतर मी मापाने मोजलं, जेमतेम दीड लिटर भरलं. दुसऱ्या दिवशी ज्या दुकानातून ते आणले होते तिथे जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, "ताई, याला काहीच लागत नाही, पंप नको, हीटर नको, दोन दिवसांनी पाणी बदला आणि रोज चार दाणे टाका." मी विश्वास ठेवला, दुकानदाराला नाही कळणार तर कोणाला कळणार असं वाटलं.

तो एकोणीस दिवस जगला. शेपटी एकदा हलवली की समोर काच, वळला की परत काच, दिवसभर तेच. आठवड्याभरात शेपटीच्या कडा जळलेल्या कागदासारख्या काळपट आणि झिरझिरीत झाल्या. मग नाशिकची थंडी पडली, रात्री पारा दहाच्या खाली, सकाळी बाउलमध्ये बोट घातलं तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी असतं तसं गारठलेलं. तो खड्यांवर आडवा पडून असायचा, मध्येच जोर लावून वर यायचा, एक श्वास घ्यायचा आणि पुन्हा खाली. मुलीने तिचा लोकरीचा स्कार्फ त्या बाउलभोवती गुंडाळून ठेवला होता. शेवटी मोगऱ्याच्या कुंडीत पुरला त्याला, आणि ती मला विचारत राहिली की मी तर रोज दाणे टाकत होते ना मग का मेला, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर नंतर शोधलं. फायटर हा मूळचा थायलंडकडचा मासा, तिथल्या भातखाचरांत, दलदलीत राहणारा. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. त्याच्याकडे कल्ल्यांशिवाय एक जास्तीचा अवयव असतो, लॅबिरिंथ म्हणतात, त्यामुळे तो वर येऊन थेट हवेतून श्वास घेतो. "याला काही लागत नाही" हे सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. पण श्वास हवेतून घेतला तरी अंग पाण्यातच असतं ना! तो खातो, विष्ठा टाकतो, कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, आणि तो अमोनिया त्याच पाण्यात राहतो. वीस लिटर पाण्यात जेवढी घाण पातळ होते तीच दोन लिटरमध्ये दहापट दाट होते, साधं गणित आहे. लोक म्हणतात खाचरातलं पाणी पण उथळच असतं की, हो, उथळ असतं, पण ते लांबवर पसरलेलं असतं, बरणीत उभं केलेलं नसतं.

आणि थंडीचं तर आपल्याकडे कोणी बोलतच नाही. या माशाला साधारण २४ ते २८ अंश पाणी लागतं. मुंबईत एकवेळ निभावतं, पण नाशिक, पुणे, नागपूरच्या जानेवारीत दीड लिटर पाणी रात्रीतून गार होतं आणि दुपारच्या उन्हात पटकन तापतं. मोठ्या टँकमध्ये हा चढउतार सावकाश होतो, आणि हीटर लावायचा म्हटलं तरी तो मोठ्याच टँकमध्ये नीट चालतो.

आता आमच्याकडे दीड फुटी टँक आहे, ४५ सेंटीमीटर लांब, २५ रुंद, २५ उंच. तिन्हींचा गुणाकार करून हजाराने भागलं की लिटर कळतात, म्हणजे भरून साधारण २८, पण हा मासा उडी मारतो आणि वर श्वासाला जागा पण लागते, म्हणून पाच सेंटीमीटर रिकामं ठेवून वर झाकण, म्हणजे साडेबावीस लिटर पाणी. उंच, नळकांड्यासारखे टँक दिसायला छान असतात पण या माशासाठी चुकीचे, एवढी जड शेपटी घेऊन त्याला श्वासाला सारखं वर यावं लागतं. त्याला लांबी हवी. एक स्पंज फिल्टर, म्हणजे पंपाच्या हवेवर पाणी स्पंजातून गाळणारा, हवा हळू ठेवलेली, एक छोटा हीटर, आणि शेजारच्या शाळेच्या आवारातून आणलेलं बदामाचं वाळलेलं पान, त्याने पाणी चहासारखं होतं आणि त्याला ते आवडतं. मासा आणायच्या आधी टँक पाच आठवडे माशाशिवाय चालवला, रोज चिमूटभर दाणे टाकून, कारण दाणे कुजून अमोनिया होतो आणि तो पचवणारे जीवाणू स्पंजात वाढायला तेवढा वेळ लागतो, आणि मुलगी रोज विचारायची, आई आज आणायचा का. आठवड्याला एक लहान बादली पाणी बदलते, क्लोरीन काढून, बस. बाउलचं पाणी दर दोन दिवसांनी सगळंच्या सगळं बदलण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे. निळा दोन वर्षांचा झालाय, वरच्या कोपऱ्यात फेसाचं घरटं करतो आणि मी खोलीत आले की काचेशी येतो.

साहेब, १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. कलम ११ मध्ये स्पष्ट आहे की पिंजऱ्यात किंवा इतर कोणत्याही भांड्यात, लांबी रुंदी उंची पुरेशी नसताना, हालचालीला वाव नसताना प्राणी ठेवणं हा गुन्हा. बाउल हे भांडंच आहे की! पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, आणि पुरेशी म्हणजे किती लिटर हे माशाबाबत कुठेच लिहिलेलं नाही. २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालयांसाठी वेगळे नियम काढले होते, बाउलला मनाई होती त्यात, मग ते मागे घेतले. त्या नियमांत बाकी बरंच जाचक होतं म्हणून व्यापारी नाराज होते हे मला समजतं, पण बाउलचा मुद्दा सुद्धा त्याबरोबर वाहून गेला याचं वाईट वाटतं.

दुकानदारांविरुद्ध माझं काही नाही. नर एकत्र ठेवले तर भांडून मरतात, म्हणून दुकानात चार दिवस वेगवेगळ्या बरण्यांत ठेवावे लागतात, हे मान्य. तीच बरणी कायमचं घर म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नये एवढंच. अनुभवी लोक दहा लिटरमध्येही फायटर नीट सांभाळतात, मी पाहिलंय, पण ते पाणी तपासतात, त्यांना कळतं. नवख्या माणसाला, त्यातून लहान मुलाला, वीस लिटरच्या खाली देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

पेट शॉपची नोंदणी २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे होते, म्हणून मागणी तुमच्यापर्यंत आणतेय. नवा कायदा नको, एक परिपत्रक काढा. नोंदणीच्या आणि तपासणीच्या वेळी दुकानात माशांच्या कप्प्यापाशी मराठी फलक आहे का बघा, आणि रिटर्न गिफ्ट म्हणून घाऊक मासे विकणं बंद करा, तेवढ्याने सुद्धा पुष्कळ फरक पडेल, कारण घेणाऱ्याला मासा हवाय की नाही हेच तिथे कोणी विचारत नाही.

फलकावर काय लिहायचं ते मीच लिहून देते, हवं तर असंच छापा: "फायटरला किमान २० लिटरचा, झाकण असलेला, आडवा टँक लागतो. पाणी २४ ते २८ अंश. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच टाका. मासा नेण्याआधी टँक फिल्टरसह, रोज चिमूटभर दाणे टाकून, महिनाभर चालवा. दोन नर एकत्र ठेवू नका. बाउल किंवा बरणीत ठेवू नका."

आपली,
नाशिकची एक नागरिक