पट्टा बघितला, आता रापीकडं बघ

निपाणी, 12 जुलै

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

तू बनवलेला कमरेचा पट्टा मिळाला. वाकवून बघितला, पिळून बघितला, बकलाजवळचे दोन टाके उसवूनही बघितले. शिवण जमत नाही म्हणून तू हात टेकलेस असं लिहिलंयस. पण निम्मं काम सुई ओवण्याआधीच बिघडलंय. कातडं पोटाचं आहे आणि रापीला, म्हणजे कातडं कापायच्या पात्याला, धार नाही.

पोटाचं कसं ओळखलं ते सांगतो. टेबलावर सरळ टाकला तर मधोमध लाट येते, आणि दोन्ही हातांनी ताणला तर तो चक्क लांबतो. जनावराच्या पोटाकडचं कातडं सैल असतं. महिनाभर कमरेला बांधलास की दोन भोकं पुढं सरकावी लागतील. पट्टा नेहमी पाठीच्या कण्याला समांतर कापायचा. पोटाचे तुकडे फेकू नकोस, किल्लीची कव्हरं, अस्तर, सरावाला चालतात.

खरेदीला अथणीला जाणार असशील तर चपलेचं कातडं माग, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आपल्या कर्नाटकाच्या बाजूचे चार जिल्हे आहेतच, नाव कुणाचं का असेना. हे कातडं पिशवीसारखं शिवून, आत सालीचं पाणी भरून कमावतात, त्यामुळं कडेला शिवणीच्या खुणा असतात. त्या सोडून माप मोज. तळाचं जाड कातडं बहुधा किलोवर देतात, वरचं पातळ फुटावर. किलोवर घेताना हात लावून बघ, ओलसर असेल तर पाण्याचे पैसे देशील. तिथं कानडीत ‘दप्पा’ म्हणजे जाड, ‘तेळ्ळग’ म्हणजे पातळ, एवढं आलं तरी पुरतं. पण जाडी तोंडी ठरवू नकोस. खिशात छोटी पट्टी ठेव आणि तीन ठिकाणी माप. पट्ट्याला साडेतीन ते चार मिलीमीटर, पाकिटाला एक ते सव्वा.

क्रोमचं, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं कातडं कुणी ‘तेच की हे’ म्हणून गळ्यात मारलं तर दोन खुणा. कापलेल्या कडेला आतून निळसर राखाडी दिसतं. आणि पाण्याचा थेंब टाकलास तर सालीचं कातडं तो पिऊन काळवंडतं, क्रोमवर थेंब बराच वेळ तसाच बसतो. क्रोम वाईट नसतं, बॅगेला उत्तम. फक्त त्याची कड घासून चमकत नाही, त्याला कडेचा रंगच लावावा लागतो.

आता रापी. तुझ्या पट्ट्याची कड भिंगातून बघ. कापलेली दिसणार नाही, फाडलेली दिसेल. मागनं तंतू लोंबताहेत, म्हणजे तू करवतीसारखी मागंपुढं केलीस. धार असलेली रापी पट्टीला टेकून दोन-तीन सलग फेऱ्यांत चार मिलीमीटर कापते आणि कड काचेसारखी सपाट राहते. धार अशी लाव: 1000 नंबरचा दगड पाण्यात भिजवून घे. रापीचा उतार जेवढा आहे तेवढाच पूर्ण टेकव, वर उचलू नकोस, आणि घासत जा. पाठीमागच्या सपाट बाजूला बोट आडवं फिरवलं की बारीक खरखर लागते. ती पूर्ण लांबीभर लागेपर्यंत थांबायचं नाही. इथंच सगळे चुकतात. टोकाला लागली की झालं समजतात, आणि मधला भाग बोथटच राहतो. मग सपाट बाजू दगडावर पूर्ण झोपवून चार-पाच हात, म्हणजे खरखर निघते. शेवटी धारेची कातडी पट्टी. लाकडाच्या फळीवर कातड्याचा तुकडा खरबरीत बाजू वर करून चिकटव, धातू चमकवायचा हिरवा साबण त्यावर चोळ, आणि रापी मागं ओढत तीस वेळा. पुढं ढकललीस तर पट्टीच कापशील. काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी दहा वेळा पट्टीवर ओढलीस की दगडाची गरज आठवड्यात एकदाही पडत नाही. नवी रापी विकत घेऊ नकोस, पॉवर हॅकसॉच्या जुन्या पात्याची बनवून घे.

आरीचं, म्हणजे भोकं पाडायच्या टोच्याचंही तेच. तुझी भोकं मागच्या बाजूला फुटलीत, कारण बोथट टोक कातडं कापत नाही, ढकलतं.

माप पोटावर टेप लावून घ्यायचं नसतं. जुन्या पट्ट्याचं, बकलाच्या दांडीपासून रोजच्या भोकापर्यंत मोज. समज 88 सेंटिमीटर आलं. बकलाच्या घडीला 7, रोजच्या भोकापुढं 13, एकूण 108. रोजचं भोक मधलं धरायचं, दोन्हीकडं अडीच-अडीच सेंटिमीटरवर दोन-दोन. बकलाच्या काट्यासाठी घडीच्या रेषेवर लांबट खाच लागते: 5 मिलीमीटरच्या पंचानं दोन भोकं, केंद्रात 20 मिलीमीटर अंतर, आणि मधलं रापीनं काढून टाक. तू एकच गोल भोक पाडलंस, म्हणून काटा तिरपा बसतो. घडी फुटली ती वेगळ्या कारणानं. चार मिलीमीटर कातडं कोरडं दुमडलं की केसांची बाजू तडकणारच. घडीचा सगळा भाग मागून रापीनं निम्म्या जाडीपर्यंत छिल, जरा ओलसर कर, मग दुमड.

आणि ते काळे डाग! घाण नाही ती. ओल्या कातड्याला लोखंड लागलं की हिरड्याची शाई होते. पूर्वी शाई अशीच करत. पाणी लावलेल्या कातड्यावर लोखंडी पट्टी, हातोडा, स्वस्त बकल ठेवू नकोस. पितळी बकल घे. लागलेल्या डागावर लिंबाचा रस कापसानं हलका फिरव, डाग उतरला की लगेच साध्या पाण्यानं पुसून सावलीत वाळव.

शिवणीबद्दल थोडंच. कडेपासून 4 मिलीमीटरवर डिव्हायडरनं रेषा ओढ, भोकांत 4 मिलीमीटर अंतर, मेण लावलेला 0.8 मिलीमीटरचा पॉलिस्टर दोरा. शिवणीच्या चौपट दोरा लागतो, पण दोन हात पसरून येतो त्याहून लांब घेऊ नकोस, गुंता होतो. दोन बोथट सुया, एकेका टोकाला. आधी उजवी, मग डावी. आणि दुसरी सुई जाताना पहिल्या दोऱ्याच्या दरवेळी त्याच बाजूनं. तुझ्या शिवणीत सात-आठ टाके नीट तिरपे आहेत, मग तीन आडवे, मग पुन्हा तिरपे. जिथं आडवे झालेत तिथं सुई दोऱ्याच्या पलीकडून गेली, बाकी काही नाही. शेवटी तीन टाके उलटे घेऊन दोरा कापायचा आणि टोक काडीनं वितळवून दाबायचं. चिकटवायचं सोल्युशन लावायचं तर फक्त कडेच्या 5 मिलीमीटरला, दोन्ही बाजूंना, खरपेपर घासून. बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांब आणि मग मोगरीनं ठोक. तू ओलंच चिकटवलंस, म्हणून ते सुटलं.

कडेसाठी महागड्या बाटल्या मागवू नकोस. काष्ठौषधीच्या दुकानातला गोंद कतिरा 3 ग्रॅम, ग्लासभर पाण्यात रात्रभर. आधी 400, मग 800 नंबरचा पेपर, मग बोटानं थोडासा गोंद आणि जाड सुती कापडानं जोरात घासणं, कड गरम लागेपर्यंत. तंतू परत उभे राहिले तर गोंद जास्त झाला, वाळू दे आणि परत घास. तेल एरंडेल, तेही फडक्यावर चार थेंब. जास्त झालं की पट्टा लोळतो. जवसाचं अजिबात नको, ते सुकून चिकट पापुद्रा होतं.

खानापूरच्या पावसात बुरशी येणार. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नकोस, जुन्या सुती धोतरात ठेव. पांढरं दिसलं तर अंगणात नेऊन कोरड्या फडक्यानं झटक, मग निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी, आणि वारा लागेल अशा सावलीत टांग. उन्हात ठेवलंस तर बुरशी मरेल आणि कातडंही वाकेल.

तुझा पट्टा मी उलट टपालानं पाठवतोय, उसवलेले टाके तसेच ठेवलेत. सोबत 40 सेंटिमीटर पाठीचा तुकडा आहे. त्यावर आधी नुसत्या दहा सरळ पट्ट्या काप, शिवू नकोस, आणि कापलेल्या कडा मला पाठव.

वहिनींना नमस्कार. काकांच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव.

तुझा,
बाळू